घोडबंदरला माणूस हवा की कोपरखैरण्यात कपाट?

वागळे इस्टेटमध्ये ऑफिस असलेला एक व्यवसाय. काम आरओ फिल्टरच्या देखभालीचं. ठाण्यात घोडबंदर रोडपासून कळव्यापर्यंत आणि खाडीपलीकडे दिघ्यापासून बेलापूरपर्यंत मिळून 5,000 एएमसी (वार्षिक देखभाल करार), अकरा टेक्निशियन आणि प्रत्येक फेरीची नोंद असलेली एक एक्सेल फाइल. मालकांपुढे प्रश्न एकच होता: बारावा टेक्निशियन घ्यायचा तर कुठल्या भागासाठी? (प्रकरणातले आकडे समजावण्यासाठी बेतलेले आहेत. ठिकाणं, पिनकोड आणि सॉफ्टवेअरच्या खोडी मात्र खऱ्या आहेत.)

ऑफिसमधल्या मुलाने फाइल पॉवर बीआय डेस्कटॉप या नकाशे-आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, नकाशाच्या चिन्हावर क्लिक केलं, पत्त्याचा कॉलम 'लोकेशन'मध्ये ओढला आणि नोंदींची संख्या 'बबल साइझ'मध्ये. पाच मिनिटांत नकाशा तयार. घोडबंदर रोडवर भलेमोठे गोल, बाकी सगळीकडे ठिपके. माणूस घोडबंदरला द्यायचा, हे जवळपास ठरलंच.

त्या नकाशात एकावर एक तीन चुका होत्या. जागा चुकीच्या होत्या, मोजलेली गोष्ट चुकीची होती आणि ती कशाच्या तुलनेत मोजायची याचा विचारच झाला नव्हता. पहिली चूक डोळ्यांना दिसते. उरलेल्या दोन दिसत नाहीत, म्हणून त्या जास्त महाग पडतात.

दिघा थेट बंगालमध्ये

नकाशा थोडा लहान केल्यावर पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावर एक गोल दिसला. ऐरोलीच्या शेजारचं दिघा सॉफ्टवेअरने तिकडच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या दिघा गावात नेऊन ठेवलं होतं. बेलापूरची काही गिऱ्हाइकं श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात गेली होती. वाशीची दोन-चार धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीला आणि नेरूळचं एक गोव्यात. 'सेक्टर 7' एवढाच पत्ता असलेल्या ओळींचं तर विचारूच नका. सेक्टर 7 वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, ऐरोलीत आहे आणि खारघरमध्येही आहे.

यात सॉफ्टवेअरचा दोष थोडाच. त्याला नुसतं नाव मिळालं की ते ऑनलाइन नकाशासेवेला विचारतं आणि तिकडून आलेलं पहिलं उत्तर धरून चालतं. कॉलमला 'डेटा कॅटेगरी' लावली, म्हणजे हे शहर, हे राज्य, हा पिनकोड असं सांगितलं, तर गोंधळ कमी होतो. नोड (वाशी, नेरूळसारखा विभाग), शहर, राज्य, देश असा पूर्ण पत्ता एका कॉलममध्ये जोडून दिला तर आणखी कमी होतो. पण नवी मुंबईच्या सेक्टर पद्धतीपुढे हे उपाय अपुरेच पडतात. शिवाय असा शोध घेताना पत्ते बाहेरच्या सेवेकडे जातात, हेही लक्षात ठेवायला हवं. गिऱ्हाइकाच्या फ्लॅट नंबरासकट पत्ता तिकडे पाठवायचं काही कारण नाही.

दुसरा प्रयत्न पिनकोडवर झाला. आधी पिनकोडचा कॉलम आकडा म्हणून वाचला गेला होता. सॉफ्टवेअरने त्याची बेरीज केली आणि एका कार्डावर (एकच आकडा दाखवणाऱ्या चौकटीत) कोट्यवधींची एक निरर्थक संख्या झळकली. कॉलमचा प्रकार 'टेक्स्ट' केला की हे थांबतं. मग '400 607' मधली मोकळी जागा काढायची आणि लांबी बरोबर सहा नसलेल्या ओळी वेगळ्या काढायच्या. आपल्याकडचा पिनकोड शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे पुढचं शून्य गळून पडण्याची भीती इथे नाही. पाच आकडी पिनकोड दिसला तर टायपिंगचीच चूक समजावी.

खरा फटका गट पाडताना बसला. पहिल्या चार आकड्यांवरून भाग ठरवायचा, अशी शक्कल निघाली: 4006 म्हणजे ठाणे, 4007 म्हणजे नवी मुंबई. वाशी 400703, नेरूळ 400706, ऐरोली 400708, कोपरखैरणे 400709, सगळं बसलं. पण सीबीडी बेलापूरचा पिनकोड 400614 आहे, म्हणून ते ठाण्यात जाऊन बसलं. रायगड जिल्ह्यातलं उरण 400702, म्हणून ते नवी मुंबईत आलं. खारघर 410210, ते दोन्हीकडून सुटलं. तिथे राहणारा माणूस स्वतःला नवी मुंबईकरच म्हणतो, पण महापालिका पनवेलची, 2016 साली झालेली, आणि जिल्हा रायगड. पिनकोड टपाल वाटण्यासाठी आखलेला आहे. महापालिकेची, जिल्ह्याची किंवा टेक्निशियनच्या फेरीची हद्द त्याला ठाऊक नसते.

जिल्ह्यांच्या सीमा दाखवणारी तयार फाइल उतरवून घेतानाही असाच घोळ होतो. फाइल 2011च्या जनगणनेच्या वेळची असेल तर ठाणे जिल्हा डहाणू-तलासरीपर्यंत पसरलेला दिसतो. पालघर जिल्हा वेगळा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. सीमांची फाइल कुठल्या सालची आहे, हे वापरण्याआधी बघायलाच हवं.

नोडचं कोष्टक

शेवटी पत्ता बाजूला ठेवून 'नोड' हा एकच एकक धरला. ठाण्यात घोडबंदर पट्टा, वागळे-वर्तकनगर, नौपाडा-कोपरी आणि कळवा. नवी मुंबईत दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी आणि नेरूळ-बेलापूर. टेक्निशियन याच भाषेत बोलतात आणि फेऱ्याही अशाच लागतात. मालकांचा निर्णयसुद्धा नोडवर होणार, सोसायटीवर नाही. नकाशा कोणत्या पातळीवर काढायचा याचं उत्तर इथेच मिळतं: निर्णय ज्या पातळीवर घ्यायचा, त्याच पातळीवर.

फाइलमध्ये एकट्या कोपरखैरण्याची चौदा रूपं होती. जोडून, तोडून, अर्धं नाव, नुसतं 'के. के.', नुसतं 'सेक्टर 19 के. खैरणे'. अशी रूपं पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयमधल्या डेटा साफ करायच्या भागात) 'रिप्लेस'च्या पायऱ्या लावून दुरुस्त करू नयेत. चाळीस पायऱ्या होतात आणि सहा महिन्यांनी त्यांचा अर्थ कोणालाच लागत नाही. त्याऐवजी एक वेगळी शीट करावी. तिचे दोन कॉलम: 'लिहिलेलं रूप' आणि 'नोड'. फाइलमधल्या वेगवेगळ्या रूपांची यादी काढायची, प्रत्येकासमोर योग्य नोड हाताने लिहायचा आणि ही शीट मूळ नोंदींना 'मर्ज क्वेरीज'ने 'लेफ्ट आउटर' पद्धतीने, म्हणजे न जुळलेल्या मूळ नोंदीही राहतील अशी, जोडायची. इथे हे काम अर्ध्या दिवसात झालं. सगळ्या प्रकरणात सर्वात उपयोगी पडलेला अर्धा दिवस तोच.

जोडताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पॉवर क्वेरी इंग्रजी लहान-मोठी अक्षरं वेगळी धरते, म्हणून आधी दोन्ही बाजूंना 'ट्रिम' आणि 'लोअरकेस' लावायचं. दुसरं, कोष्टकात एकच रूप चुकून दोनदा आलं तर त्या रूपाच्या सगळ्या नोंदी दुप्पट होतात. इथे 14,260 ओळींच्या 14,702 झाल्या होत्या आणि दोन दिवस कोणाच्या लक्षातही आलं नाही. प्रत्येक जोडणीनंतर ओळी मोजा. तिसरं, 'फझी मॅचिंग'चा, म्हणजे साधारण सारखी दिसणारी रूपं आपोआप जुळवण्याचा, मोह. त्यातला साम्याचा उंबरठा मुळात 0.80 असतो. 'सेक्टर 1' आणि 'सेक्टर 11' यांत फरक एका अक्षराचाच असल्यामुळे असा उंबरठा ती दोन्ही एकच धरू शकतो. सेक्टरच्या पत्त्यांना फझी लावू नये, हे आमचं ठाम मत आहे.

जी रूपं जुळत नाहीत त्यांना रिकामं सोडायचं नाही. त्यांना 'सापडलं नाही' असा नोड द्यायचा आणि त्याची संख्या अहवालाच्या पहिल्या पानावर वरच ठळक कार्डात दाखवायची.

अक्षांश-रेखांशाच्या तीन चुका

प्रत्येक नोडचा मध्यबिंदू नकाशावरून घेतला. गिऱ्हाइकांचे नेमके बिंदू टेक्निशियन पुढच्या फेरीत फोनवरून टिपणार, असं ठरलं. चार दशांश स्थळं पुरतात, म्हणजे साधारण 11 मीटरची अचूकता. दोनच स्थळं ठेवली तर बिंदू किलोमीटरभर इकडेतिकडे होतो.

पहिल्या आठवड्याचे बिंदू आले तेव्हा काही नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात होते. अक्षांश आणि रेखांश उलट भरले की ठाण्याचं 19.2, 72.97 हे 72.97 उत्तर, 19.2 पूर्व होतं आणि ती जागा तिथेच आहे. काही बिंदू अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून बरेच आत. ते अंश-मिनिटांचे होते. 72 अंश 58 मिनिटं हे 72.58 असं लिहिलं गेलं होतं, खरं तर ते 72.967 हवं. मिनिटांना 60ने भागायचं राहिलं की आपल्या अक्षांशावर बिंदू 40 किलोमीटर पश्चिमेला सरकतो. तिसरे बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला, शून्य अंश-शून्य अंशावर. फोनचं लोकेशन बंद असताना भरलेल्या नोंदी त्या.

तिन्हींवर एकच चाळणी पुरली: अक्षांश 18.9 ते 19.4 आणि रेखांश 72.8 ते 73.2. याबाहेरचं सगळं 'सापडलं नाही'मध्ये. आणि मॉडेलमध्ये दोन्ही कॉलमना 'डोन्ट समराइझ' लावायचं. नाहीतर सॉफ्टवेअर त्यांची बेरीज किंवा सरासरी करून भलत्याच जागी एक गोल काढतं.

तारखांचं थोडक्यात

फाइलमधल्या तारखा दिवस/महिना/वर्ष अशा, आणि संगणकाची सेटिंग अमेरिकन. 05/04 ही 5 एप्रिलची नोंद 4 मे झाली. 13 तारखेपासून पुढच्या नोंदी एकतर चुका म्हणून पडल्या किंवा मजकूर म्हणून राहिल्या. उपाय: कॉलमवर राइट क्लिक, 'चेंज टाइप', 'युझिंग लोकेल', आणि तिथे 'इंग्लिश (इंडिया)'. पॉवर क्वेरी कॉलमचा दर्जा पहिल्या 1,000 ओळींवरच तपासते, हे फार कमी जणांना माहीत असतं. खालच्या पट्टीत क्लिक करून तपासणी पूर्ण डेटावर घ्यावी. इथे पहिल्या हजारात एकही चूक नव्हती, सगळ्या पुढे होत्या.

महिने आलेखात इंग्रजी वर्णानुक्रमे लागले, म्हणजे एप्रिलनंतर थेट ऑगस्ट. कॅलेंडरच्या कोष्टकात एप्रिल 1 ते मार्च 12 असा क्रमांक देऊन महिन्याच्या नावाला 'सॉर्ट बाय कॉलम' लावला की आर्थिक वर्ष सरळ लागतं.

काय मोजलं आणि कशाच्या तुलनेत

आता जागा बरोबर होत्या. तरी नकाशा पहिल्यासारखंच सांगत होता: घोडबंदर. कारण 14,260 नोंदींमध्ये 6,480 ठरलेल्या सर्व्हिसच्या होत्या, 980 नवीन जोडण्या आणि 6,800 खऱ्या तक्रारी. ठरलेली सर्व्हिस वेळापत्रकानेच होते, तिच्यासाठी जादा माणसाचा प्रश्न येत नाही. प्रश्न तक्रारींचा होता.

फक्त तक्रारी घेतल्या तरी घोडबंदरच पुढे: 2,520. कोपरखैरणे 1,050, ऐरोली 793. पण घोडबंदर पट्ट्यात एएमसीच 2,100 आहेत. जिथे गिऱ्हाइकं जास्त तिथे तक्रारी जास्त, एवढंच तो नकाशा सांगत होता आणि ते मालकांना नकाशाशिवायही माहीत होतं. दर 100 करारांमागे तक्रारी काढल्यावर चित्र पालटलं. घोडबंदर 120, ऐरोली 130, सगळ्यांची सरासरी 136 आणि कोपरखैरणे 250. तिथे करार फक्त 420.

हा दर सॉफ्टवेअरमध्ये काढताना बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. तक्रारींचं एक कोष्टक आणि करारांचं एक. दोन्हींत नोड आहे, म्हणून दोन्ही एकमेकांना थेट जोडावीशी वाटतात. तसं करू नये. मध्ये नोडचं तिसरं कोष्टक ठेवायचं, प्रत्येक नोड एकदाच, आणि त्यातून दोन्हीकडे 'एकास अनेक' असं नातं काढायचं. नकाशावर आणि आलेखावर नोडचं नाव घ्यायचं ते याच मधल्या कोष्टकातून. तक्रारींच्या कोष्टकातलं नाव घेतलं तर करारांना त्याचा पत्ताच लागत नाही आणि प्रत्येक नोडसमोर 5,000 हाच आकडा दिसतो. सगळ्या ओळींत एकच संख्या आली की नातं तपासायचं, ही ओळखण्याची खूण.

भागाकार 'मेझर'मध्ये (अहवालात त्या त्या वेळी हिशेब करणाऱ्या सूत्रात) करायचा, कॉलममध्ये नाही, आणि त्यासाठी 'डिव्हाइड' हे फंक्शन वापरायचं, म्हणजे करार शून्य असले तरी चूक येत नाही. मेझर आधी बेरीज करतं आणि मग भागतं. कॉलममध्ये भागून नंतर सरासरी घेतली तर 8 करारांचा दिघा आणि 2,100 करारांचं घोडबंदर सारख्याच वजनाचे होतात. भाजक म्हणून वर्षाअखेरीचे करार घेतले नाहीत. बारा महिनाअखेरींच्या चालू करारांची सरासरी घेतली, कारण वर्षात करार सुटतातही आणि नवे होतातही.

रंग

दराचा नकाशा पहिल्यांदा काढला तेव्हा सगळे नोड फिकट आणि दिघा एकटा गडद. तिथे 8 करार आणि 28 तक्रारी, म्हणजे दर 350. दोन घरांतले फिल्टर सतत बिघडले तरी इतका दर होतो. सरळ चढता रंग लावला की असा एक लहान नोड सगळी रंगपट्टी खाऊन टाकतो. म्हणून रंग नियमांनी दिले: 100च्या खाली, 100 ते 150, 150 ते 200 आणि 200च्या वर, एकाच निळ्याच्या चार छटा. 30पेक्षा कमी करार असलेला नोड राखाडी, दर काहीही असो. लाल-हिरवी जोडी टाळली, काहींना ती वेगळी दिसत नाही.

नोड रंगवायचे तर सीमा लागतात. त्या क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने आखल्या, 'ईपीएसजी 4326' या अक्षांश-रेखांशाच्या प्रणालीत साठवल्या, मॅपशेपर या साधनात साध्या करून टोपोजेसन या सीमांच्या फाइल प्रकारात बाहेर काढल्या आणि पॉवर बीआयच्या 'शेप मॅप'ला, म्हणजे आपण दिलेले आकार रंगवणाऱ्या नकाशाला, दिल्या. फाइलमधलं नोडचं नाव आणि कोष्टकातलं नाव अक्षरशः एक असावं लागतं. एक अनुस्वार इकडेतिकडे झाला तर तो नोड रंगाविना राहतो आणि सॉफ्टवेअर काही सांगतही नाही. घोडबंदर पट्टा आखताना येऊरचं जंगल मुद्दाम वगळलं. त्या डोंगरात गिऱ्हाइक नाही, पण आकार मोठा असला की डोळा तिकडेच जातो. शेप मॅपचा आणखी एक फायदा म्हणजे मागे कुठलाही तयार नकाशा येत नाही, त्यामुळे परदेशी सेवांच्या नकाशांत देशाच्या सीमा चुकीच्या दिसण्याचा प्रश्नच उरत नाही.

नकाशाशेजारी तेच दर दाखवणारा आडव्या पट्ट्यांचा आलेख ठेवला, मोठ्यापासून लहानापर्यंत, शून्यापासून सुरू होणारा. खरं सांगायचं तर निर्णय या आलेखावरच झाला. कोपरखैरणे इतरांच्या जवळपास दुप्पट आहे, हे पट्टीत एका नजरेत कळतं. दोन छटांत ते कळत नाही.

दुप्पट का?

नकाशा कुठे ते सांगतो, का ते नाही. कोपरखैरण्याच्या 1,050 तक्रारींपैकी 462 म्हणजे 44 टक्के तक्रारी त्याच गिऱ्हाइकाच्या आधीच्या तक्रारीपासून 15 दिवसांच्या आत आल्या होत्या. इतर नोडमध्ये हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे फिल्टर जास्त बिघडत नव्हते, दुरुस्ती टिकत नव्हती. टेक्निशियनच्या शेऱ्यांमध्ये तेच वारंवार होतं: 'पार्ट नंतर', 'तात्पुरतं केलं', 'पंप आणावा लागेल'. सगळे स्पेअर पार्ट वागळे इस्टेटच्या गोदामात. बॅगेत मेम्ब्रेन, पंप, अडॅप्टर प्रत्येकी एक-दोन. संपले की तात्पुरती जोडणी करून पुढे जायचं आणि दोन दिवसांनी गिऱ्हाइकाचा पुन्हा फोन.

मग ऐरोलीत असं का नाही? इथे अंतराच्या वर्तुळाने आधी फसवलं होतं. वागळे इस्टेटभोवती साधारण 8 किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर उत्तरेला कासारवडवली आणि पलीकडे ऐरोली दोन्ही आत येतात. पण वर्तुळाला खाडी दिसत नाही. ऐरोलीला जायचं तर मुलुंड-ऐरोली पूल किंवा कळवा-विटावा, जवळची दुसरी वाट नाही. तरी ऐरोलीचा टेक्निशियन सकाळी गोदामातून पार्ट उचलून पूल ओलांडतो आणि लागलं तर दुपारी परतही येतो. कोपरखैरणे सरळ रेषेत 12 किलोमीटर, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरून दुपारची परतफेरी कोणीच करत नाही. वाशी-नेरूळचे करार मोजके आणि बहुतेक पहिल्या वर्षातले, म्हणून तिथे हे अजून दिसत नव्हतं.

बारावा माणूस लगेच घ्यायचा नाही, असं ठरलं. कोपरखैरण्यात एका ओळखीच्या दुकानात कुलपाचं कपाट, त्यात सर्वाधिक लागणाऱ्या नऊ पार्टचा पंधरा दिवसांचा साठा. अहवालात नोडनिहाय '15 दिवसांत पुन्हा तक्रार' हा एक नवा आलेख वाढवला. महिनानिहाय रेष, अक्ष शून्यापासून. रेषेचा अक्ष सॉफ्टवेअर स्वतःहून कुठूनही सुरू करतं आणि मग 40चे 36 टक्के झाले तरी कडा कोसळल्यासारखी दिसते.

अहवाल वाटताना मुलगा 'पब्लिश टू वेब' दाबणार होता. तो दुवा कोणालाही, लॉगिनशिवाय उघडतो. गिऱ्हाइकांची नावं, फोन आणि घराचे बिंदू त्यात होते. त्याऐवजी नोडच्या पातळीवरची दोन पानं पीडीएफ करून टेक्निशियनच्या ग्रुपवर जातात, आणि मूळ फाइल ऑफिसच्या संगणकावरच राहते.

दर महिन्याच्या 3 तारखेला नवी एक्सेल ठरलेल्या फोल्डरमध्ये पडते आणि 'रिफ्रेश' होतो. पहिल्या महिन्यात वरच्या कार्डावर 'सापडलं नाही: 23' आलं. त्यातले 19 जण 'घणसोली'ऐवजी 'घनसोली' लिहिणाऱ्या एकाच नव्या टेक्निशियनचे होते. कोष्टकात एक ओळ वाढवली, पुन्हा रिफ्रेश केला, कार्डावर 4 उरले. ते चार पत्ते फोन करून विचारले.